मोझेलकाठचा बाक

लीड्समधल्या आमच्या मराठी मंडळाची २००६ सालची सहल जर्मनीत, मोझेल नदीच्या खोऱ्यात न्यावी, असा ठराव एकमताने मंजूर झाला. नदी, किल्ले, द्राक्षमळे आणि वाइन एकाच खोऱ्यात उरकत असल्याने वेळ वाचतो, असं अध्यक्ष कमलाकर यांनी अभ्यासाअंती सांगितलं. कार्यक्रम मी आखला, कारण मी सचिव आहे आणि मला नाही म्हणता येत नाही.

अडचण काढली शैलाताईंनी. हॉस्पिटलातल्या वॉर्डांत नर्स म्हणून जन्मभर उभ्या राहून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्यांना वाइनचा एक ग्लास घेऊन नदीकाठच्या बाकावर बसायचं होतं.

"बसून काय करणार?" कमलाकरांनी विचारलं.

"बसणार."

समितीने यावर गंभीरपणे विचार केला. बसणं हे पाहण्यातही मोडत नाही आणि करण्यातही नाही. शिवाय घरी बसता येतं, त्यासाठी व्हिसा कशाला? शेवटी सगळी स्थळं पाहून वेळ उरल्यास बसण्यास हरकत नाही, असं ठरलं. वेळ उरणार नाही याची जबाबदारी माझ्यावर होती.

किल्ल्यासमोर प्रत्येकाने फोटो काढून घेतला, त्यामुळे किल्ला कुणालाच नीट दिसला नाही. मळ्यात मे महिन्यामुळे द्राक्षं नव्हती, तरी नाशिकची मोठी असतात यावर सगळ्यांचं एकमत झालं. वाइनच्या तळघरात न पिणाऱ्यांनी फक्त चव घेतली, आणि ती नीट कळेपर्यंत घेतली.

बर्नकास्टेल गावात मात्र शैलाताई परत कोचमध्ये चढल्याच नाहीत. ग्लास घेऊन त्या बाकावर जाऊन बसल्या. कमलाकरांनी दारातून हाक मारली.

"अहो शैलाताई, अजून दोन व्हिलेजेस राहिलीत. आपलं शेड्यूल टाइट आहे."

"तुम्ही जाऊन या."

त्यांना एकटं सोडणं इन्शुरन्समध्ये बसत नव्हतं आणि त्यांच्यासाठी थांबणं कार्यक्रमात. तेव्हा कमलाकरांनी तोडगा काढला: सगळ्यांनीच बसायचं, म्हणजे तो सामूहिक उपक्रम होईल. अख्खा कोच खाली उतरला. बाकावर तिघांपुरती जागा होती, म्हणून शिस्तीत रांग लागली. बसायचं, फोटो, उठायचं. प्रत्येक फोटोत शैलाताई येऊ लागल्या, तेव्हा त्यांना जरा बाजूला व्हायला सांगण्यात आलं. त्या उठल्या. उभ्याच आहात तर फोटो काढा, म्हणून सगळ्यांनी आपापले कॅमेरे त्यांच्याकडे दिले. ग्लास कमलाकरांनी सांभाळला. ते पीत नाहीत, फक्त चव घेतात.

नदीकडे पाठ करून शैलाताई एकेकाला हसा म्हणत होत्या. मला फार वाईट वाटलं. पण तेवढ्यात माझा नंबर आला.

यंदा सहल पुन्हा तिथेच आहे आणि लोकाग्रहास्तव बाक कार्यक्रमात पहिला ठेवला आहे. शैलाताई येणार नाहीत म्हणाल्या, त्यामुळे कॅमेरे धरायला माणूस हवा आहे. तुम्ही हे वाचत नुसतेच बसलेले दिसलात, म्हणून समितीला तुमचं नाव सुचवलं आहे.