शेपूट खाली घ्यावे

मुंगीच्या मांडीवर दोन पुस्तके उघडी होती आणि दोन्हींत एकच प्राणी होता. एका पुस्तकात त्याचे शेपूट जमिनीवर लोळत होते, दुसऱ्यात ते मागे हवेत आडवे ताठ धरलेले होते.

"आजोबा, यातलं खरं कुठलं?"

प्रश्न साधा होता. पण तो नको त्या माणसाला विचारला गेला, आणि पुढचे सगळे त्यातून झाले.

आजोबा म्हणजे पंपाच्या कारखान्यातले निवृत्त स्टोअरकीपर. चौतीस वर्षे त्यांनी नट, बोल्ट, वॉशर आणि बेअरिंग यांची आवकजावक रजिस्टरात लिहिली. तेवढ्या काळात कारखान्याचे चार मॅनेजर बदलले, छप्पर दोनदा गळले, पण स्टोअरातला एक वॉशर इकडचा तिकडे झाला नाही. निवृत्त झाल्यावर मात्र मोजण्यासारखे काही उरले नाही. घरातले चमचे त्यांनी पहिल्याच आठवड्यात मोजून काढले. चोवीस होते. पुढच्या आठवड्यातही ते चोवीसच भरले, तेव्हा आजी म्हणाली, "आता पुरे. ते काय पिल्लं घालणार आहेत?"

मग शाळेला सुट्टी लागली आणि नात दिवसभर आजी-आजोबांकडे राहू लागली. वय साडेसात. मुंगी हे नाव तिला पडले ते स्वतःपेक्षा मोठी वस्तू ओढत आणण्याच्या सवयीमुळे. सध्या ती ग्रंथालयातून डायनासोरांची पुस्तके ओढून आणत होती.

आजोबांनी चष्मा लावला आणि दोन्ही पुस्तके समोर घेतली. स्टोअरच्या कामाचे त्यांचे दोन नियम होते. पहिला असा, की दोन रजिस्टरांत तफावत दिसली तर जुने रजिस्टर खरे. नवे म्हणजे शेवटी नक्कल, आणि नक्कल करताना माणसाला डुलकी लागते. दुसरा असा, की चूक कधी खरडून काढायची नाही. लाल शाईने तिच्यावर एक सरळ रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे, वर बरोबर मजकूर लिहायचा आणि शेजारी सही, तारीख.

लोळत्या शेपटाचे पुस्तक जुने आणि जाडजूड होते. त्याचे मुखपृष्ठ आणि पहिली काही पाने केव्हाच गेली होती; ग्रंथालयाने त्याला तपकिरी रेक्झिनची बांधणी करून घेतली होती. लेखक कोण ते कळायला मार्ग नव्हता, आणि आजोबांना त्याचे काही वाटलेही नाही. त्यांना आवडला तो पुस्तकाचा सूर. 'हे अवाढव्य प्राणी दलदलीत राहत. चालताना त्यांचे शेपूट जमिनीवर घासत जाई. याविषयी आता शंका उरलेली नाही.' वा. असे लिहावे. नवे पुस्तक मात्र गुळगुळीत कागदाचे, आणि भाषाही तशीच निसटती. 'शेपूट बहुधा उचललेले असावे. सध्याचा अंदाज असा आहे.'

"बहुधा म्हणजे काय?" आजोबांनी मुंगीला विचारले, जणू तिनेच ते लिहिले होते. "बेअरिंग बहुधा चाळीस आहेत, असं मी लिहिलं असतं तर त्याच दिवशी मला घरी बसवलं असतं."

"मग हे चुकलंय?"

"चुकलंय. आणि चूक दिसल्यावर दुरुस्त नाही केली, तर पुढचा माणूस फसतो."

"अहो, पुस्तक लायब्ररीचं आहे," आजी आतून म्हणाली.

"म्हणून तर. घरचं असतं तर आपण दोघंच फसलो असतो."

कपाटातून लाल पेन निघाले. निवृत्तीच्या दिवशी स्टोअरमधून आणलेली ती एकमेव वस्तू होती, आणि तीही त्यांनी रीतसर पावती करून आणली होती. त्या दुपारी गुळगुळीत पुस्तकातली अकरा 'बहुधा' आणि नऊ 'असावे' कापली गेली. चित्रातल्या शेपटापासून पट्टीने एक बाण काढून आजोबांनी समासात लिहिले, 'शेपूट खाली घ्यावे.' सही. तारीख.

दुसऱ्या पुस्तकात एका लहान शिकारी डायनासोराला पिसे होती. जुन्या पुस्तकात पिसांचा उल्लेखच नव्हता. 'पिसे रद्द.' तिसऱ्यात तर लिहिले होते की पक्षी हे डायनासोरांचेच वंशज आहेत, म्हणजे डायनासोर पूर्णपणे नाहीसे झालेच नाहीत. आजोबांनी त्या ओळीवर रेघ मारली आणि खिडकीकडे पाहिले. गजांवर एक कबुतर बसून त्यांच्याकडे मान वाकडी करून बघत होते.

"उद्या हे म्हणतील, याचीही नोंद डायनासोरात करा."

"बघतंय मात्र तसंच," मुंगी म्हणाली.

तीन आठवड्यांत सात पुस्तके तपासून झाली. एकूण दुरुस्त्या एकशे त्रेचाळीस. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बेरीज आणि खाली 'तपासले'. जाडजूड पुस्तक तेवढे दर आठवड्याला मुदत वाढवून घरीच ठेवले होते, कारण मूळ नोंद हाताशी हवी. बाकीची परत जात. ग्रंथालयाच्या खिडकीवर शिक्केवाले काका बसत. पुस्तक उघडून बघणे त्यांच्या स्वभावात नव्हते. कार्ड पुढे आले की शिक्का, पुस्तक आले की शिक्का. एकदा कुणीतरी चुकून डबा पुढे केला होता, त्यावरही त्यांनी शिक्का मारला होता.

चौथ्या आठवड्यात मुंगी ग्रंथालयातून रिकाम्या हाताने घरी आली.

तिला रिकाम्या हाताने त्यांनी कधी पाहिलेच नव्हते.

झाले होते ते असे. एका वकीलबाईंच्या मुलाने दुरुस्त केलेले पुस्तक घरी नेले आणि चित्रकलेच्या वर्गात डायनासोर काढला, शेपूट खाली, पिसे रद्द. वर्गातल्या मुलांनी हसून त्याचा पार चोथा केला. वकीलबाई पुस्तक घेऊन थेट ग्रंथपालबाईंसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "शेपूट खाली घ्यावे, हा हुकूम कोणाचा?" ग्रंथपालबाईंनी डायनासोरांचा सगळा खण उपसला. सात पुस्तके लाल निघाली. सातही एकाच कार्डावर गेलेली होती.

"माझं कार्ड एक वर्ष बंद," मुंगी म्हणाली. ती रडत नव्हती, त्यामुळे जास्तच वाईट वाटत होते. "पुस्तकावर लिहिलं की तसा नियम आहे. आणि शनिवारी त्या लेखिकाबाई येणार आहेत ना, डायनासोरवाल्या? त्यांना पहिला प्रश्न मी विचारणार होते. आता वकीलबाईंचा मुलगा विचारणार."

"कोणी लिहिलं, ते विचारलं नाही तुला?"

"विचारलं. मी नाही सांगितलं."

"का गं?"

"त्यांना तुमची सही वाचता आली नाही. मग मी कशाला सांगू?"

आजोबांनी चहाचा कप खाली ठेवला. चौतीस वर्षांत त्यांच्या नोंदीची शिक्षा दुसऱ्या कोणाला झाली नव्हती. ती सही कोणाला वाचता येत नाही याचा त्यांना आजवर अभिमान होता. आज प्रथमच ती जरा सुवाच्य असती तर बरे, असे त्यांना वाटले.

"त्यात काय एवढं," आजी म्हणाली. "ते पांढरं मिळतं ना बाटलीत, ते लावून या. वाळलं की कळतसुद्धा नाही."

आजोबांनी तिच्याकडे असे पाहिले, जणू तिने कोणाचे तरी घर फोडायला सुचवले होते. "कळत नाही, म्हणूनच ते लावायचं नसतं. मी जाऊन सांगणार, लिहिणारा मी. कार्ड हिचं कशाला बंद?"

"आणि चुकलं म्हणून सांगा."

"लिहायची जागा चुकली, ते सांगतो. लिहिलेलं चुकलेलं नाही." आणि त्यांनी पुरावा म्हणून तपकिरी पुस्तक पिशवीत घातले.

शनिवारी ग्रंथालयाच्या सभागृहात घडीच्या खुर्च्यांच्या आठ रांगा लागल्या होत्या. आजोबा आधी येऊन ग्रंथपालबाईंना गाठणार होते. पण ग्रंथपालबाई पाहुण्यांना आणायला गेल्या होत्या, आणि परतल्या त्या पाहुण्यांसकटच. जायच्या आधी त्यांनी शिक्केवाल्या काकांना सांगितले होते, "बाईंची पुस्तकं टेबलावर नीट मांडून ठेवा." लाल झालेली सात पुस्तके त्यांनी स्वतःच्या कपाटात दडवली होती. त्यातली पाच या लेखिकाबाईंचीच होती. काकांनी खणात शोधले, तिथे काही मिळाले नाही. कपाट उघडले, तर पाचही एका जागी, नीट रचलेली. काकांना आनंद झाला. पाचही टेबलावर गेली.

लेखिकाबाई साठी ओलांडलेल्या होत्या. केस आखूड कापलेले, गुडघ्याला पट्टा, चाल दगडधोंड्यांतून हिंडलेल्या माणसाची. दोन शब्द बोलण्याआधी त्यांनी टेबलावरचे एक पुस्तक सहज उचलून उघडले. मग पान उलटले. मग आणखी एक. ग्रंथपालबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग टप्प्याटप्प्याने उतरत गेला.

"'शेपूट खाली घ्यावे,'" लेखिकाबाईंनी मोठ्याने वाचले. "हे कोणी लिहिलं?"

वकीलबाईंच्या मुलाने मागे वळून मुंगीकडे पाहिले. मग त्याच्या आईने पाहिले, मग रांगेने सगळ्यांनी. तिसऱ्या रांगेत बसलेली मुंगी खुर्चीत जेवढे लहान होता येईल तेवढी लहान झाली.

"सही माझी आहे," आजोबा उभे राहून म्हणाले. "पोरीचा काही संबंध नाही. कार्ड तिचं आहे, पण दुरुस्त्या माझ्या. एकूण एकशे त्रेचाळीस."

"मोजल्यात तुम्ही?"

"मोजून शेवटच्या पानावर लिहिल्यात. बाई, राग मानू नका, पण तुमच्या पुस्तकात सगळं बहुधा आहे. या पुस्तकात बघा." त्यांनी पुढे जाऊन तपकिरी पुस्तक टेबलावर ठेवले. "हा माणूस ठाम लिहितो. जुनी नोंद आहे. मी जुनी नोंद धरून चाललो."

लेखिकाबाईंनी ते जाड पुस्तक उघडले. दोन ओळी वाचल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

"'याविषयी आता शंका उरलेली नाही,'" त्यांनी सावकाश वाचले. "काय हो, हा माणूस तुम्हाला आवडला?"

"आवडला. विश्वास ठेवावा असा आहे."

"एकोणतीस वर्षांचा होता तेव्हा," लेखिकाबाई म्हणाल्या. "आणि माणूस नव्हता, मी होते. हे माझं पहिलं पुस्तक. त्या वयात मला कशाविषयीच शंका नव्हती."

आजोबांना बसावेसे वाटले, पण खुर्ची तिसऱ्या रांगेत होती.

"मग तुम्ही आधी चुकलात," ते म्हणाले, "की नंतर?"

"आधी. पुढे दगडांत त्यांच्या पावलांचे ठसे मिळत गेले. मैलोनमैल पावलं, पण शेपूट घासल्याची खूण जवळजवळ कुठेच नाही. चाळीस टन वजनाचं जनावर शेपूट ओढत गेलं असतं तर खूण राहिली असती ना? मग मी नवं पुस्तक लिहिलं. मग पिसांचे ठसे मिळाले, पुन्हा नवं लिहिलं. तुमच्याकडे जुनी नोंद खरी. आमच्याकडे नवा माल आला की जुनी नोंद बदलावी लागते."

"म्हणजे माल अजून येतोच आहे?"

"येतोच आहे."

आजोबांनी याचा स्टोअरकीपर म्हणून विचार केला. ज्या कोठाराचा माल कोट्यवधी वर्षे जमिनीत पुरलेला आहे आणि रोज थोडा थोडा हाती लागतो आहे, त्याचा साठा ठामपणे लिहिणारा माणूस त्यांनी स्वतः कामावर ठेवला नसता.

"खिडकीतलं कबुतर मग डायनासोर आहे का?" मुंगीने खुर्चीवर उभे राहून विचारले. पहिला प्रश्न कोणाचा हे ठरवायला आता कोणी उरले नव्हते.

"आहे. हे मात्र मी बऱ्यापैकी खात्रीने सांगते."

"आजोबा, एकशे बेचाळीस चुकल्या. कबुतराची राहिली होती, ती पण चुकली. एकशे त्रेचाळीस."

"कळलं मला," आजोबा म्हणाले.

लेखिकाबाईंनी हात पुढे केला. "तुमचं लाल पेन द्या जरा."

"बाई, ते ग्रंथालयाचं पुस्तक आहे," ग्रंथपालबाई कशाबशा म्हणाल्या. पण तोवर 'याविषयी आता शंका उरलेली नाही' या वाक्यावर एक सरळ रेघ पडली होती, खालचे वाचता येईल अशी, आणि वर 'चूक माझी' असे लिहून झाले होते. लेखिकाबाईंनी सही केली आणि पुस्तक आजोबांपुढे सरकवले. "तपासा."

आजोबांनी चष्मा लावून तपासले. "तारीख राहिली."

त्यांनी तारीख टाकली.

कार्यक्रम संपल्यावर आजोबा ग्रंथपालबाईंच्या टेबलापाशी उभे राहिले. त्यांना माफी नको होती, निकाल हवा होता. ग्रंथपालबाई नियमांची वही उघडून बसल्या. त्यांनाही अशी माणसे कमीच भेटत.

"लिहिणाऱ्याचं कार्ड एक वर्ष बंद, असा नियम आहे. तेव्हा हिचं कार्ड आजपासून चालू. बंद तुमचं करायचं. पण तुमच्या नावाचं कार्डच नाही."

"मग?"

"आधी कार्ड काढावं लागेल. मग बंद करता येईल."

"बरोबर आहे," आजोबा म्हणाले. इतकी नीट कारवाई त्यांनी निवृत्तीनंतर पाहिली नव्हती.

अर्ज आला. नाव, वय, पत्ता त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले. सहीसुद्धा वाचता येईल अशी करून पाहिली. ती जमली नाही. शेवटी छापील ओळ होती, 'यापुढे ग्रंथालयाच्या पुस्तकांवर काहीही लिहिणार नाही, अशी हमी देतो.' आजोबा तिच्यावर बराच वेळ थांबले. मुंगी शेजारी तीन पुस्तके कवटाळून उभी होती. सगळ्यात वरच्याच्या मुखपृष्ठावर एका डायनासोराचा पाय जरा संशयास्पद वळला होता. त्यांनी खिशातून लाल पेन काढले, 'काहीही'च्या आधी वरच्या बाजूला बारीक अक्षरात 'बहुधा' असे लिहिले, शेजारी सही केली, तारीख टाकली आणि अर्ज खिडकीत सरकवला.

शिक्केवाल्या काकांनी त्यावर शिक्का मारला.