वहाणा मोजून भात

अण्णांच्या खानावळीत आपल्या पत्रावळीवर आपल्याच हातानं काही वाढून घेतलं, की अण्णा ती पत्रावळ उचलून नेत. माणूस कोण, किती भुकेला, याचा काही विचार नाही. पहिल्याच दिवशी मी समोरच्या तपेल्यातून एक डाव वरण घेतलं आणि दुसऱ्या क्षणी माझ्यापुढे नुसती सारवलेली जमीन उरली.

"हात कायले देले देवानं?" अण्णांनी विचारलं.

"जेवायला," मी म्हणालो.

"उजवा जेवाले. डावा शेजाऱ्याले वाढाले. तुह्या पानाची काळजी तुह्या शेजाऱ्याले, शेजाऱ्याच्या पानाची तुले. पटत असन तर बस."

मी अकोल्याच्या कोर्टात रेकॉर्डकीपर. वय बेचाळीस. मुलांच्या शाळेसाठी कुटुंब अमरावतीला ठेवलेलं, आणि मी दर शनिवारी बडनेऱ्यावरून घरी जाणारा. मला 'अरे' म्हणणारं कोर्टात कोणी नव्हतं. मुन्सफसाहेबही 'अहो' म्हणत. पण अण्णा मूळचे कृष्णेच्या पलीकडचे तेलंगी ब्राह्मण. वऱ्हाडी बोली ते स्टेशनावरच्या टांगेवाल्यांकडून शिकले, आणि टांगेवाले घोड्याशी जसं बोलतात तसंच अण्णा आम्हा सगळ्यांशी बोलत. मी बसलो. नवी पत्रावळ आली.

खानावळ म्हणजे कोर्टामागच्या गल्लीतली एक लांबट खोली. वाढपी नाही. भाताचं तपेलं, वरणाचं तपेलं, अंबाडीची भाजी आणि 'चारू' हे सगळं पंगतीच्या मधोमध. चारू म्हणजे चिंचेचं मिरेपूड घातलेलं पातळ सार. भाकरी अण्णांना कधी जमली नाही. त्यांनी थापलेली भाकरी आमच्यातल्या एकानं कोर्टात नेऊन कागदांवर वजन म्हणून ठेवली होती. तेव्हापासून भातच.

भाताची आणखी एक तऱ्हा होती. वरण, भाजी, चारू आधीच तयार असे, पण तांदूळ अण्णा आम्ही आल्यावरच वैरत. ते किती, हे ठरे दारातल्या वहाणांवरून. साडेनऊला अण्णा उंबऱ्याशी येत, बोट नाचवत वहाणांचे जोड मोजत आणि आत जाऊन तितक्या मुठी तांदूळ टाकत. माणसं मोजायची नाहीत. माणसं हलतात, उठतात, थापा मारतात. वहाण जागची हलत नाही, असं त्यांचं म्हणणं. स्वतः अण्णा अनवाणी. त्यामुळे स्वतःच्या हिशेबात ते कधीच येत नसत.

मला याद्या करायची सवय आहे. दप्तराच्या, वाणसामानाच्या, करायच्या कामांच्या. खानावळीत येणाऱ्यांचीही एक यादी माझ्या खिशातल्या वहीत होती, कारण कोण कधी गावाला जाणार हे मलाच सगळे विचारत. माझं धरून एकूण आठ नावं. त्यातली दोन सांगतो.

एक देवधर मास्तर. हायस्कुलात संस्कृत शिकवत. सोवळ्याचे कडक. डाव्या हातानं वाढलेलं त्यांना चालत नसे. जेवता जेवता तपेल्याला हात लावायचा म्हणजे सगळं खरकटं झालं, असा त्यांचा रोजचा आक्षेप.

"अण्णा, हा अधर्म आहे."

"मास्तर, डावा हात काय सासऱ्यानं देला? तोही तुहाच हाये."

तरीही मास्तर रोज वाढायला नकार देत. त्यांच्या उजवीकडे बसणाऱ्याला त्यामुळे उपाशी राहावं लागे. ती जागा आम्ही पाळीपाळीनं घेत असू.

दुसरा भिसे. एका वकिलाचा कारकून, अंगानं काडी, आणि भूक दोन माणसांची. अण्णांचा नियम असा, की समोरचा 'पुरे' म्हणेपर्यंत वाढणाऱ्यानं हात आवरायचा नाही. भिसे पुरे म्हणायचाच नाही. भाताचा डोंगर नाकापर्यंत यायचा, आणि अण्णा चुलीपासून ओरडायचे, "अय्यो, तोंड शिवून आला काय? पुरे म्हन ना बे!" मग भिसे अगदी लाजून म्हणायचा, "आता काय, वाढलंच आहे तर असू द्या."

अण्णा स्वतः कधी जेवतात, हे कोणी पाहिलं नव्हतं. आमच्या पंगतीनंतर ते चुलीशी उभ्यानंच तपेल्याची खरवड खात, एवढं मला ठाऊक होतं. विचारलं तर एकच उत्तर ठरलेलं: "माहा शेजारी आला का जेवतो." आम्ही हसायचो. रोजचाच विनोद तो.

या नियमांतून आणखी एक नियम आपोआप निघत होता. एकट्या माणसाला या खानावळीत जेवणच नव्हतं. त्याला वाढणार कोण? सुटीच्या दिवशी एकच जण आला तर अण्णा त्याला बसवून रस्त्यावर जात आणि मिळेल तो ब्राह्मण धरून आणत. पोस्टातले बाबू, भिक्षुक, एकदा तर आपल्या घरून नुकतंच जेवून निघालेला एक वैद्य. "ज्या दिवशी जोडी भेटली नाई," ते म्हणत, "त्या दिवशी चुलीत पानी ओततो अन् स्टेशनावर जातो. गाडी कोन्ती बी चालन."

"पण जाणार कुठे? तुमचं आहे कोण?" मी एकदा विचारलं.

"कोनी असतं तं तुह्यासारख्याचे भात शिजवत बसलो असतो काय?"

हेही हसतच सांगितलं. त्यांच्या डोक्यात मात्र ते पक्कं होतं. चुलीजवळच्या खुंटीवर एक वळकटी कायम बांधून टांगलेली असे.

मग मानमोडी आली.

त्या साली पाऊस आधीच दगा देऊन गेला होता. दसऱ्याच्या सुमारास ताप सुरू झाला. आज अंग दुखतंय म्हणणारा माणूस परवा नसे. कोर्टात पुकारा व्हायचा आणि कोणी उभं राहायचं नाही. वादीही नाही, प्रतिवादीही नाही. मोर्णा नदीच्या काठावर चितेला लाकडं पुरेनाशी झाली. मी शनिवारी घरी जायला निघालो, तर बायकोचं पत्र आलं: येऊ नका, इकडेही तेच आहे, मुलं अजून बरी आहेत. त्यातला 'अजून' मी बऱ्याच वेळा वाचला.

वहीतल्या यादीतली दोन नावं गावी निघून गेली. तीन नावं मी दहा दिवसांत खोडली. खोडताना पट्टी वापरली. कामात हयगय मला आवडत नाही.

भिसे पंगतीतच आजारी पडला. त्या दिवशी तो पहिल्याच डावाला 'पुरे' म्हणाला. सगळी पंगत थांबली. अण्णा चुलीपासून उठून आले आणि त्यांनी त्याच्या कपाळाला हात लावला. आम्ही दोघांनी त्याला उचलून टांग्यात घातलं. त्याच्या वहाणा दारातच राहिल्या. त्याला त्या पुन्हा लागल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी वहाणा मोजल्या त्या त्याच्यासह. एक पत्रावळ जास्त मांडली गेली, एका माणसाचा भात उरला. मी म्हणालो, "अण्णा, तो जोड भिसेचा. काढून ठेवतो."

"हात नको लावू."

"अहो, पण मोजणी चुकते."

"मोजनी माही हाये," अण्णा म्हणाले. "तू तुही वही सांभाळ."

देवधर मास्तर आणि मी असे दोघे उरलो, तेव्हा मास्तरांचा प्रश्न बिकट झाला. ते वाढणार नाहीत, म्हणजे मी उपाशी. पहिल्या दिवशी मास्तर बराच वेळ डोळे मिटून बसले. मग त्यांनी डावा हात पुढे केला, डाव उचलला आणि मला भात वाढला. हाताला सवय नव्हती, शितं माझ्या मांडीवर सांडली. अण्णांनी पाहिलं, पण एका शब्दानं डिवचलं नाही. सहा दिवस मास्तरांनी मला वाढलं. सातव्या दिवशी ते आले नाहीत. दुपारी त्यांचं नावही मी खोडलं.

आता मी एकटा. मी कामाला लागलो. वळकटी खुंटीवरून उतरू द्यायची नाही, एवढंच ठरवलं. वहीच्या नव्या पानावर 'जोडीदार' असं लिहून खाली नावं मांडली: स्टेशनावरचा तिकीटबाबू, दवाखान्यातला कंपाउंडर, पोस्टमन. रोज सकाळी एकेकाला गाठून आणायचो. दोघे आले, तिसऱ्याच्या घराला कुलूप होतं. त्या दिवशी दुसरं कोणीच मिळेना, तेव्हा कोर्टाच्या आवारात निंबाखाली शिदोरी सोडत बसलेला एक शेतकरी दिसला. बार्शीटाकळीचा ज्ञानबा. बांधाच्या भांडणाची तारीख होती त्याची.

"चल, जेवायला चल," मी म्हणालो.

"काहून? माह्यापाशी भाकर हाये ना."

"ती पण घे."

"काहून पन? तुमी मले काहून नेऊन राहिले? साक्ष-गिक्ष फिरवाची असन तं मी नाई येत, सायेब."

त्याला हाताला धरून नेलं. दारात तो अडला. खानावळ कोणाची हे त्याच्या ध्यानात आलं होतं. "मी कुनबी हाओ, महाराज," तो आतल्या अंधाराला म्हणाला. ही एक बाब मी यादीत धरलीच नव्हती.

अण्णा उंबऱ्याशी आले. ज्ञानबाच्या मातीनं भरलेल्या वहाणांकडे त्यांनी बोट केलं. मग माझ्या वहाणा, मग भिसेच्या. "तीन," ते म्हणाले.

"कुनबी हाओ म्हनलं."

"आयकलं. वहानीवर लिहिलं नाई. बस."

ज्ञानबा बसला. त्यानं आपली भाकर मोडून अर्धी माझ्या पत्रावळीवर ठेवली. इतक्या आठवड्यांनी तोंडात ज्वारी आली; भाताआधी मी तीच संपवली. चारूचं तपेलं त्याच्यापुढे सरकवलं तसं त्यानं आत डोकावून विचारलं, "हे काय, हात धुवाचं पानी हाये काय?" अण्णा हसले. मानमोडी आल्यापासून मी त्यांचं हसणं ऐकलं नव्हतं. ज्ञानबानं मला आग्रह करकरून वाढलं आणि जाताना अण्णांना म्हणाला, "पुढच्या तारखेले येतो. तुमच्यासाठी ठेचा आनतो, महाराज."

तोवर रोज कोणी ना कोणी धरून आणत मी वेळ निभावली. पुढच्या तारखेला त्याच्या नावाचा तीनदा पुकारा झाला. मी त्याच्या कागदांचा बस्ता बांधून कपाटात ठेवला.

त्याच दिवशी खानावळीत न्यायला कोणीही नव्हतं. वहीतली सगळी नावं संपली होती. गल्लीत कुत्रीसुद्धा दिसत नव्हती. मी वहाणा काढल्या, पाटावर बसलो आणि अण्णांच्या पाठीकडे पाहत राहिलो. चुलीशेजारी पाण्याची कळशी भरून ठेवलेली होती. खुंटी रिकामी होती. वळकटी खाली, भिंतीला टेकून.

अण्णा उंबऱ्याशी गेले. बोट नाचलं. परत आले, दोन मुठी तांदूळ टाकले आणि भात होईपर्यंत चुलीकडेच पाहत बसले. मग दोन पत्रावळी मांडल्या. एक माझ्यापुढे, एक शेजारी. तपेली मधे ठेवली. सगळं झाल्यावर त्यांनी त्या दुसऱ्या पत्रावळीकडे पाहिलं आणि तिथेच उभे राहिले. मला वाढायला कोणी नव्हतं. त्यांनी हळूहळू कळशीकडे हात नेला.

मी आधी घाबरलो, मग मला रागच आला. माणसाचं एवढं वय होतं आणि साधा ताळा करता येत नाही!

"अण्णा, वहाणा किती?"

"दोन."

"भात किती जणांचा?"

"दोघायचा."

"मग दुसरा माणूस हवा की नको? भिसे येणार नाही. बसा."

"मी रांधनारा हाये. मी पंगतीत बसत नाई."

"शेजारी आला की जेवतो, असं तुम्हीच म्हणत होतात. मी दोन वर्षं रोज इथे बसतोय. माझ्याकडे कधी पाहिलंत का?"

अण्णांनी कळशीतल्या पाण्यानं हात धुतले, धोतराला पुसले आणि ते भिसेच्या पाटावर येऊन बसले. अगदी कडेला, टांग्यातल्या अवघडलेल्या उतारूसारखे. पंगतीत कसं बसतात हे ते विसरले असावेत. एक गुडघा वरच होता, मग तोही खाली गेला.

मी डाव उचलला आणि त्यांच्या पत्रावळीवर भात वाढला. एक डाव. थांबलो. ते गप्प. दुसरा वाढला. गप्प. नियम नियम असतो, मी वाढत राहिलो. तिसरा, चौथा. भाताचा ढीग झाला, शितं कडेनं घसरून जमिनीवर आली. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते माझ्या हाताकडे पाहत होते, माझ्या डाव्या हाताकडे, तो खाली जाई आणि वर येई तिकडे. भिसेला शिव्या देणारा माणूस, पण त्याच्या तोंडून 'पुरे' निघत नव्हतं. शेवटी डाव तपेल्याच्या बुडाला लागला आणि खरवडल्याचा आवाज झाला.

"संपला," मी म्हणालो.

"हो," अण्णा म्हणाले.

मग त्यांनी आपल्या ढिगातला अर्धा भात माझ्या पत्रावळीवर सारला. डाव्या हातानं चारूचं ओगराळं उचललं आणि माझ्या भातावर धार धरली. मधे केलेलं आळं भरलं, भरून वाहायला लागलं. ते माझ्याकडे पाहत होते, मी काय म्हणतो त्याची वाट पाहत.

मीही लवकर म्हणालो नाही.