विनीताची राहिलेली फायनल

शनिवारी सकाळी परदेशातल्या केलीव्हिल उपनगराच्या मैदानावर आयांच्या फुटबॉल मॅचला एक खेळाडू कमी पडली, आणि मितालीने आपल्या आईचं, विनीताचं नाव देऊन टाकलं. नरेंद्रने तिथेच हरकत घेतली.

"अगं, तिला लागेल! तिला वाचनाची आवड. तिला कशाला पळवता?"

"चिल, बाबा!"

लग्न ठरताना विनीताच्या बायोडेटावर 'छंद: वाचन' असं लिहिलं होतं, आणि नरेंद्र छापील गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवणारा. सव्वीस वर्षं त्याने दर वाढदिवसाला तिला एक जाडजूड पुस्तक दिलं.

"मी कॉलेजच्या टीममध्ये होते," बुटांच्या नाड्या बांधत विनीता म्हणाली. "मुलींची पहिलीच टीम. पुण्यात लोक खेळ सोडून आमच्या शॉर्ट्स बघायला यायचे. आईनेच फुटबॉल खोडून वाचन लिहिलं. म्हणाली, खरचटलेल्या गुडघ्यांची मुलगी कोण पसंत करणार?"

"मग ती पुस्तकं?"

"कव्हरं छान असतात रे."

नरेंद्र हादरला, पण गप्प बसेल तर शपथ. त्याने कोचला गाठलं. "मेट, माझ्या बायकोला अगदी मागे ठेव. प्लीज."

"नो वरीज!"

व्हायचं तेच झालं. मागे उभ्या विनीताच्या पायाशी बॉल आला आणि तिला राहवेना. गोलपर्यंत तिला अख्खं मैदान पळावं लागलं. चार आयांना चकवून तिने गोल मारला खरा, पण सत्तेचाळिसाव्या वर्षी मांडीची शीर एवढं कुठून सहन करणार? अकराव्या मिनिटाला ती बाहेर.

नरेंद्र बर्फ घेऊन धावला. विनीता रडत होती.

"खूप दुखतंय?"

"पायाचं काही नाही रे. परत मॅच अर्धवट राहिली. कॉलेजची फायनल तर खेळलेच नाही. त्याच दुपारी मला बघायला मुलगा येणार होता."

"फायनल सोडायला लावली? कोण गाढव तो?" नरेंद्र मनापासून चिडला.

"तीनला येतो म्हणाला आणि उगवला सातला. घरी क्रिकेट बघत बसला होता."

बर्फ धरलेला नरेंद्रचा हात थांबला. त्याला फार वाईट वाटलं.

"तुमच्या फायनलचं काय झालं?" त्याने विचारलं.

"हरलो. एका गोलने. आणि तुझी मॅच?"

नरेंद्रने मान खाली घातली.

"जिंकलो."