देवणीकर बाईंचा समुद्र

"खाली बस. खाली बस म्हणून राहिले ना मी. तोंड मिट आधी!"

देवणीकर बाईंचा हा आवाज संगणक कक्षातून सुटला आणि शेजारच्या वर्गातल्या उभ्या पोरी मटकन बसल्या. घंटा द्यायला निघालेला मारुती शिपाई व्हरांड्यात जागच्या जागी बसला. फाटकाबाहेर चालती एसटी थांबली आणि कंडक्टरने खिडकीतून हात जोडले, असंही काही लोक सांगतात. त्यातला एक मी. बसला नाही तो फक्त शार्क. तो पडद्यावर वर आला, बाईंच्या तराफ्याचा आग्नेय कोपरा त्याने कडाकडा खाल्ला आणि बाईंकडे पाठ करून निघून गेला. तीस वर्षांच्या नोकरीत बाईंकडे अशी पाठ करायची हिंमत मुख्याध्यापकांचीही झाली नव्हती.

बाई आमच्या लातूरच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवतात. मी मराठी शिकवतो आणि शिक्षकखोलीत त्यांच्या पश्चिमेला बसतो. पश्चिमेला हा शब्द बाईंचा. त्यांच्या जगात डावं-उजवं नाहीच. डबा खाताना "सर, लोणचं जरा ईशान्येला सरकवा" म्हणतात, आणि ईशान्य सापडेपर्यंत आपली भाकरी संपते. गंजगोलाईच्या बाजारात रस्त्यांचं एवढं जाळं, पण बाई कधी चुकत नाहीत. मी मात्र त्यांनी सांगितलेल्या दिशेने एकदा मेथी आणायला निघालो, तो थेट औसा गावाच्या अलीकडे शुद्धीवर आलो.

पण बाईंची खरी ख्याती समुद्राची. लातूरपासून समुद्र इतका लांब, की तिकडचा वारासुद्धा वाटेत एक मुक्काम करून येतो. तरी नववीला बाईंनी महासागरांचा धडा उघडला की वर्गात भरती येते. शेवटच्या बाकावरच्या पोरी पाय वर घेतात. एका वर्षी तास संपल्यावर एक पोरगी ओढणी पिळताना मी स्वतः पाहिली. मी नोकरीला लागलो तेव्हा बाईंची लाट कमरेइतकी होती. आता ती शाळेच्या टाकीवरून पलीकडे जाते. आणि लाट फुटली की बाई डस्टर टेबलावर आपटून म्हणणार, "डोळ्यानं बघितलंय मी. ऐकीव न्हाई सांगत."

यंदा वरून फर्मान आलं, की प्रत्येकाने एक धडा खेळातून शिकवायचा आणि तो बघायला तपासणीचे साहेब येणार. आमच्या संगणकाच्या शेख मॅडम तरुण आणि उत्साही. त्यांनी बाईंसाठी समुद्रात जगून राहायचा व्हिडिओ गेम शोधला. चहूकडे पाणी, मध्ये चार फळ्यांचा तराफा, त्यावर एक माणूस. वाहून येणारी लाकडं आकड्याने ओढायची, तराफा वाढवायचा, तहान-भूक सांभाळायची आणि शार्कच्या तोंडी जायचं नाही. साहेबांसमोर बाईंनी मोठ्या पडद्यावर खेळायचं, पोरींनी वारे आणि प्रवाह ओळखायचे. सरावाला पंधरा दिवस. मशीनजवळ एकटं बसणं बाईंना बरं वाटेना, म्हणून शाळा सुटल्यावर मला साक्षीदार म्हणून शेजारी बसवलं.

पहिल्या दिवशी बाई चार मिनिटांत मेल्या. शार्कने नाही. पडद्यावरच्या माणसाला तहान लागली, तशा बाई त्याला तराफ्याच्या कडेला घेऊन गेल्या आणि त्याला समुद्राचं पाणी पोटभर पाजलं. तो आडवा झाला. शेख मॅडम हसू दाबत म्हणाल्या, बाई, खारं पाणी होतं ते.

"मग? आमच्या बोअरचं काय उसाच्या रसासारखं हाय? इतकी वर्षं पिऊन राहिलो की."

ही चूक फक्त आमच्याच गावचा माणूस करू जाणे. आमच्याकडे पाणी दिसलं की माणूस आधी पितो, मग घरातलं आहे नाही ते भांडं भरतो, आणि सगळं झाल्यावर चवीची चौकशी करतो. शेख मॅडमनी मात्र अगदी सहज विचारलं, "बाई, तुम्ही तर समुद्र पाहिलाय. इतका खारट असतो, कधी चाखला नाही?"

बाईंनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. एवढा पुसला, की काचेचा नंबर उतरला असेल.

फाटकापाशी त्यांनी मला थांबवलं.

"सर, एक बोलते. पोटात ठेवा. मी समुद्र बघितलेला न्हाई."

माझ्या मनातल्या लाटा एकेक करून ओसरायला लागल्या.

"एकदा म्हणून गेले, मग निभवत आले," बाई म्हणाल्या. "शार्क खाऊ दे मला, लई झालं तर मरीन. पण ह्या खेळात पोरींपुढं उघडी पडले तर? खोटारडी म्हणून बघतील माझ्याकडं. ते न्हाई सोसायचं."

पण मुळात का म्हणून गेलात, असं मी विचारलं. त्यावर माझी रिक्षा पूर्वेला उभी असल्याचं त्यांनी मला कळवलं.

दुसऱ्या दिवसापासून बाई लढल्या. शार्कचं वेळापत्रक वहीत मांडलं. तो बहुधा वायव्येकडून येतो, असा शोध लावला. रोज इतक्यांदा मरायच्या, की मारुती चहा घेऊन दारात आला की विचारायचा, "बाई गेल्या का?" आम्ही म्हणायचो, दोनदा गेल्या, तिसऱ्यांदा निघाल्यात, चहा ठेव.

मग बाई खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करायला शिकल्या, आणि तिथे खेळाचं दैव फिरलं. शेख मॅडम म्हणायच्या, आता भाला करा, शीड करा. बाईंचं एकच उत्तर, आधी पाणी. एक भांडं झालं, चार झाली, मग तराफ्यावर पाय ठेवायला जागा उरेना. भांड्यांना झाकणं करायची सोय नाही म्हणून बाई दोन दिवस हळहळत होत्या. शार्कने तराफा खाल्ला की आधी भांडी शाबूत आहेत का बघायच्या, मग माणूस. गेम बनवणाऱ्याने जगभरचे खेळाडू डोळ्यांपुढे आणले असतील, पण टँकरची वाट बघितलेलं माणूस बिचाऱ्याच्या डोक्यात आलं नसणार. तहानेनेच शेवटी बाईंच्या तराफ्याजवळ यायचं सोडलं.

एका संध्याकाळी खेळातला सूर्य मावळायला लागला. आम्हाला ते नवीन होतं, कारण तोवर बाई तेवढा वेळ जिवंतच राहिल्या नव्हत्या. पाणी तांबडं होत गेलं, कुठे कड म्हणून दिसेना. बाईंनी माउस सोडला आणि हात मांडीवर ठेवले. शार्क पलीकडून एकेक फळी खात होता, शेख मॅडम "बाई, भाला, भाला" करत होत्या. बाई बघत राहिल्या.

"असा असतोय होय," हळूच म्हणाल्या.

त्यानंतर "डोळ्यानं बघितलंय मी" हे त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. नववीच्या वर्गावरून जाताना मुद्दाम रेंगाळायचो. डस्टर आपटल्याचा आवाज यायचा, पुढे काही नाही.

तपासणीच्या दिवशी साहेब आणि मुख्याध्यापक पुढे, मागे सगळी नववी ब, आणि मी साहेबांना पाणी द्यायच्या निमित्ताने दारात. बाईंच्या पोरी त्या, बाईंच्याच भाषेत ओरडत होत्या. नैर्ऋत्येला पिंप आलंय बाई, वायव्येला शार्क. साहेबांची मान आठही दिशांना फिरून दुखायला लागली. बाईंनी पिंप ओढलं, पाणी भरलं, शार्कच्या नाकाडावर भाला हाणला, आणि तास संपला तरी बाई जिवंत. पोरींनी टाळ्यांनी कौलं हलवली.

साहेब खूश. शाबास बाई, म्हणाले. मग म्हणाले, मुख्याध्यापक सांगत होते की तुम्ही समुद्र प्रत्यक्ष पाहिला आहे; तर सांगा पोरींना, खरा समुद्र असाच असतो का?

सगळ्या माना बाईंकडे वळल्या. नुसतं 'हाव, असाच असतो' म्हणायचं होतं. मी दारातून मान हलवून हलवून त्यांना हाव सुचवत होतो; मारुतीला वाटलं मला फेफरं आलं.

बाईंनी माउस खाली ठेवला.

"मला माहीत न्हाई साहेब. मी समुद्र बघितलेला न्हाई."

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं, बरं बरं म्हणाले आणि मुख्याध्यापकांबरोबर चहाला गेले. वर्ग तसाच बसून राहिला. बाई टेबलाची कड धरून उभ्या होत्या. पोरींनो, म्हणाल्या, तुम्हाला खोटं सांगत आले, तुमच्या आधीच्यांनाही. आवाज दुसऱ्या बाकापर्यंतसुद्धा पोचला नाही.

तिसऱ्या बाकावरची वैष्णवी बिराजदार उभी राहिली. तिची आईही याच शाळेतली, बाईंचीच विद्यार्थिनी.

"माहीत हाय, बाई. सगळ्या वर्गाला माहीत हाय."

बाईंनी टेबलाची कड सोडली.

"कोकणातल्या सहलीला आईला ताप आला तवा तुम्ही लॉजवर तिच्या उशाला बसलात. बाकीच्या पोरी तुम्हाला सोडून समुद्रावर जाईनात, म्हणून तुम्ही म्हणलात, जा गं, मी लहानपणीच बघितलाय. त्या गेल्यावर तुम्ही लॉजवाल्याला विचारलं, गच्चीवरून थोडा दिसतो का. तो न्हाई म्हणला. आई जागी होती."

बाईंनी पडद्याकडे बघितलं. मग विचारलं, इतके दिवस बोलली का न्हाईस गं.

"आई म्हणली, बाई लाट लई भारी सांगतात, मधी बोलू नको."