ऑर्व्हिल फिकेटचे अधिकृत मौन

माणसाला अस्सलपणाची ओढ उपजतच असते. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर ही ओढ पर्यटकांबरोबर जूनच्या मध्यावर उगवते आणि ऑगस्ट सरता सरता मावळते, त्यामुळे तिची सोय लावायला आम्हाला जेमतेम अडीच महिने मिळतात.

आमच्या गावापुरती ही जबाबदारी ऑर्व्हिल फिकेटने उचलली. एक बोट, सहा प्रवासी, शेवंड (म्हणजे लॉबस्टर) पकडायचे थोडेसे सापळे आणि पफिन पक्ष्यांच्या बेटाला एक फेरी. मोठ्या बोटीत लोक दाटीवाटीने बसले तर तिला गर्दी म्हणतात. लहान बोटीत बसले की आपुलकी.

पहिल्याच उन्हाळ्यात एक गंभीर त्रुटी उघडकीस आली. कप्तान बोलत असे. तसे आम्ही सगळेच बोलतो (धुक्यात हात दिसत नाही, तेव्हा माणसाने दुसरे करायचे तरी काय?). पण ऑर्व्हिल आणि त्याचा दोस्त डेल्मंट यांची गोष्ट वेगळी होती. आपापल्या बोटीवर सापळे ओढता ओढता दोघे तीस वर्षे रेडिओवर गप्पा मारत आले होते. विषय ठरलेले: गुडघे, सुना, आमिषाच्या हेरिंग माशांचा वास, पुन्हा गुडघे. प्रवाशांनी लेखी कळवले की कप्तान मनमिळाऊ आहे, पण खरा कोळी वाटत नाही.

बुकिंग सांभाळणाऱ्या त्याच्या बायकोने, ग्लेनिसने, तातडीने उपाययोजना केली. रेडिओ बंद. रोज दाढी करायला मनाई. कुणी काही विचारले की आधी क्षितिजाकडे पाहायचे, मग "हं" म्हणायचे. पावसाबद्दल विचारले तर "येईल" चालेल (कधी, ते सांगू नये).

"गप्प बसलास की शहाणा दिसतोस," ती म्हणाली. "हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर!"

प्रवाशांचे समाधान चाळीस टक्क्यांनी वाढले (मोजणी ग्लेनिसची). बेटावर खऱ्या पफिनांना धीर यावा म्हणून शास्त्रज्ञांनी लाकडी पफिन मांडून ठेवलेत. प्रवासी त्यांचेच फोटो काढतात, कारण खरा पफिन उतरताना तोंडावर आपटतो आणि मनासारखा दिसत नाही. अंडी असलेली शेवंड कायद्याने परत पाण्यात सोडावी लागते. ती सोडताना सहाही जणांचे डोळे पाणावतात. संध्याकाळी धक्क्यावर तेच सहा जण प्रत्येकी एक अख्खी शेवंड लोण्यात बुडवून खातात, तेव्हा डोळे कोरडे असतात.

किरकोळ दुष्परिणाम झाले. जेवताना ग्लेनिसने मीठ मागितले की ऑर्व्हिल क्षितिजाकडे पाहू लागे. स्वयंपाकघरात त्या दिशेला फ्रिज आहे. रेडिओवरच्या डेल्मंटच्या हाकांना उत्तर जाईना, तेव्हा ऑर्व्हिलला शिंगं फुटली, असे आम्ही सगळ्यांनी एकमताने ठरवले. खरे तर त्याला डेल्मंटची फार आठवण येई. सप्टेंबरात सगळे समजावून सांगू, म्हणून तो मनात वाक्ये जुळवत असे.

ऑगस्टच्या मध्यावर एका सकाळी डेल्मंटने आपली बोट थेट ऑर्व्हिलच्या बोटीला आणून भिडवली.

"सकाळपासून हाका मारतोय तुला," तो म्हणाला. "बोट विकली रे मी. गुडघे ऐकत नाहीत आता. आजचे सापळे शेवटचे. म्हटलं, तुझ्याशी बोलत बोलत काढावेत."

सहा प्रवाशांनी फोन वर धरले. ऑर्व्हिलने सप्टेंबरसाठी जुळवलेली वाक्ये आठवून पाहिली, पण सगळी एकदमच पुढे आली आणि एकही सुटी होईना. मान मात्र सवयीने क्षितिजाकडे वळली.

"हं," तो म्हणाला.

डेल्मंट वाट पाहत राहिला. ऑर्व्हिल एका शब्दावर थांबतो, हे त्याने कधी पाहिलेच नव्हते. मग "बरं" म्हणून त्याने बोट वळवली.

बॉस्टनच्या एका बाईंनी त्या संध्याकाळी अभिप्रायात लिहिले: दोन दर्यावर्दी, एक हुंकार, आणि त्यात अख्ख्या आयुष्याची मैत्री. पाच तारे. आठवड्याभरात फेऱ्या भरत आल्या, आणि ऑर्व्हिलने तो "हं" रोज एकदा म्हणावा अशी विनंती येऊ लागली.

डेल्मंटला त्यात मैत्रीबित्री काही ऐकू आली नव्हती. त्याला फक्त "हं" ऐकू आले. हल्ली ऑर्व्हिल दिसला की तो रस्ता बदलतो.

वाचताना आपल्याला त्या "हं"मध्ये काही खोल जाणवले असेल, तर ग्लेनिसला जरूर कळवावे. शेवटच्या फेरीत दोन जागा शिल्लक आहेत, आणि आम्ही हे सगळे करतो ते आपल्यासारख्यांसाठीच.