गौरीचं इंजीन

"दादा, तुझी गाडी हातकणंगल्यातच बसली," वसंत म्हणाला, आणि मंगळवार पेठेतल्या वडणगेकरांच्या घरातल्या भडक्याला काडी लागली.

गाडी खरोखरच हातकणंगल्यात बसली होती. चैत्रगौर म्हणजे माहेराला आलेली लेक. मग लेकीनं पायऱ्यांवर नुसतं बसून का राहावं, यंदा ती मिरजेहून आगगाडीनं का येऊ नये, असं थोरले बंधू अंबादासपंत यांच्या मनात आलं होतं. सोप्यातल्या फरशीवर त्यांनी पत्र्याचे रूळ गोल मांडले, पुठ्ठ्याची तीन स्टेशनं उभी केली आणि महाद्वार रोडवरून किल्लीची आगगाडी आणली. दुकानदारानं दोन दाखवल्या होत्या. त्यातली चांगली कुठली ते नीट विचारून घेऊन अंबादासपंतांनी दुसरी घेतली. रंगीत तालमीला गाडी मिरजेहून डौलात निघाली, हातकणंगल्याला पोचली, आणि पोटात कुठंतरी 'टण्' असा आवाज होऊन जी थांबली ती थांबलीच.

तालीम पाहायला धाकटा भाऊ वसंत आला नसता तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण तो भिंतीपलीकडंच राहत होता. कोल्हापूर संस्थान विलीन झालं त्याच वर्षी या दोन भावांनी घराची फाळणी केली होती. सोप्याच्या मधोमध भिंत आली, तिच्यात येण्याजाण्यापुरतं एक दार राहिलं, भांडी वाटली गेली, तुळससुद्धा फांदी तोडून दोन्हीकडं लागली. वाटता आली नाही ती फक्त आईची गौर. वीतभर पितळेची, झोपाळ्यासकट. ती थोरलेपणानं अंबादासपंतांकडं राहिली, आणि वसंताची बायको विमला तेव्हापासून दर चैत्रात डोकं दुखतं म्हणून लवकर झोपू लागली.

"आईच्या गौरीला असल्या डबड्यात बसवून हसं करून घ्यायचं असेल, तर आमच्याकडं दे," वसंत पुढं म्हणाला. "आम्ही निदान बसवून तरी ठेवू."

राग हा अंबादासपंतांचा एकुलता एक शौक. पान नाही, तपकीर नाही, नाटक नाही. रागाला खर्च येत नाही म्हणून तो त्यांनी भरपूर बाळगला होता. कचेरीत ते फायलींवर रागवत, घरी येताना टांग्यांवर, आणि घरी आल्यावर चहा गरम असला तर चहावर. त्यामुळं हातकणंगल्यात बसलेल्या इंजिनाकडं पाहत ते जे बोलले, ते त्यांचं त्यांनाही मागाहूनच ऐकू आलं.

"शुक्रवारी हीच गाडी, हीच गौर. हळदीकुंकू संपेपर्यंत, हात न लावता चालली, तर जन्मात पुन्हा गौरीचं नाव काढायचं नाहीस. बंद पडली किंवा मी हात लावला, तर गौर तुझी. कायमची."

वसंतानं "ठरलं" म्हणायला क्षणाचाही वेळ घेतला नाही.

अंबादासपंतांच्या पत्नी कालिंदीबाई यांनी हे स्वयंपाकघरातून ऐकलं. त्या बाहेर आल्या नाहीत. आतूनच बोलल्या, पण भिंतीपलीकडं पोचेल अशा बेतानं. "गौरीला घासते मी, पुजते मी, महिनाभर नैवेद्य करते मी. आणि पैजेला लावायला हे."

अंबादासपंत आणखी रागावले आणि स्क्रू-ड्रायव्हर शोधायला लागले. इंजीन उघडलं तेव्हा आतली तुटकी स्प्रिंग उसळून त्यांच्या कपाळावर बसली. घड्याळवाल्यानं इंजीन कानाशी नेऊन हलवलं आणि, नवीन घ्या, असं सांगितलं. नवीन घेणं म्हणजे वसंताला शरण जाणं. शेवटी ते उद्यमनगरात आकाराम मिस्त्रीकडं गेले. आकारामाचा धंदा विहिरीवरच्या ऑइल इंजिनांचा. शाहूवाडीपासून चंदगडापर्यंत त्यानं बसवलेली इंजिनं धडधडत होती आणि त्यातलं एकही आपण होऊन बंद पडलं नव्हतं, हे तो विचारलं नाही तरी सांगे.

त्यानं खेळण्यातलं इंजीन दोन बोटांत धरून मेलेल्या उंदरासारखं वर उचललं.

"ह्ये काय हाय पावणं?"

"इंजीन आहे."

"ह्येला इंजान म्हणू नगासा. माझी चार इंजानं भाईर हुबी हाईत, त्येंच्या कानावर जाईल." त्यानं ते उताणं केलं. "ह्येच्यात जीवच न्हाई. मोठी स्प्रिंग घाला. फोनोची हाय का कुठली?"

फोनो, म्हणजे किल्लीचा ग्रामोफोन, घरात होता. कालिंदीबाईंना वडिलांनी लग्नात दिलेला, चालू, आणि आठवड्यातून एकदा फडक्यानं पुसला जाणारा. अंबादासपंतांनी दुसऱ्या दिवशी त्या देवळात गेल्याचं पाहून तो उघडला, पोटातलं सगळं काढून पिशवीत घातलं आणि झाकण पुन्हा लावून वर भरतकामाचा रुमाल जसा होता तसा पसरला. एवढ्या नेटकेपणानं त्यांनी कचेरीतली एकही फाईल बांधली नव्हती.

फोनोचं यंत्र त्या इंजिनात मावेना. तेव्हा आकारामानं इंजीन यंत्राच्या मापाचं केलं. घासलेटच्या डब्याचा पत्रा कापून नवीन अंग बनवलं, लेथवर पितळेची चाकं उतरवली, वजनाला पोटात शिसं ओतलं. दुकानातून आणलेल्या इंजिनातलं आता फक्त धुराडं उरलं होतं. गिअर मात्र त्यानं मनापासून बसवले. आयुष्यभर त्यानं पाणी ओढणारी आणि ऊस पिळणारी यंत्रं पाहिलेली. पळण्यासाठी पळणारं यंत्र त्याला माहीतच नव्हतं. त्यामुळं इंजीन चालायला लागलं ते मुंगीच्या चालीनं, पण टेबलावर आडवी ठेवलेली लोखंडी पहार त्यानं शांतपणे बाजूला सारली.

अंबादासपंतांचे डोळे भरून आले. मग त्यांना एक शंका आली. "थांबवायचं कसं? पूर्वी इथं एक खिट्टी होती."

"काढून टाकली. थांबवायचं कशाला? तुमची पैज चालवायची हाय न्हवं?"

"तरी पण, थांबेल केव्हा?"

"स्प्रिंग उतरली की. लई ताकदीनं धरलीया तिला, सावकाशच उतरंल. घाई करू नगासा."

शुक्रवार उजाडला. दुपारपर्यंत सोपा सजला. कलिंगडाचं कमळ, मातीचे पैलवान, रांगोळी, गुलाबदाणी, सगळं रुळांच्या कडेकडेनं. आत पातेलंभर पन्हं आणि परातभर वाटली डाळ तयार होती. अंबादासपंतांनी कचेरीतून लवकर येऊन किल्ली पिळली, खाली लाकडी ठोकळा लावून इंजीन अडकवलं आणि कोपऱ्यात उभे राहिले. भिंतीतलं दार उघडून पलीकडच्या बाजूला वसंत साक्षीला उभा राहिला. त्याच्यामागं विमला, डोकं न दुखता. कालिंदीबाईंनी झोपाळ्यासकट गौर इंजिनामागच्या डब्यात बसवली, पूजा केली, आणि बायका जमेपर्यंत जरा गाणं लावावं म्हणून फोनोचं झाकण उघडलं.

आत नुसतं रिकामं खोकं होतं. मग त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. आणि झाकण हलकेच लावलं. बत्तीस वर्षांचा रागाचा अनुभव असलेल्या अंबादासपंतांना तो राग मात्र अनोळखी होता.

बायका जमल्या. गल्लीतल्या सगळ्या शास्त्रार्थांवर जिचा शब्द शेवटचा, ती धोंडुबाई पुढं पाट घेऊन बसली. ठोकळा काढला. इंजीन घुर्र करून हललं आणि गौर मिरजेहून निघाली.

हातकणंगलं मागं पडलं तेव्हा अंबादासपंतांनी भावाकडं पाहून मिशीवरून हात फिरवला. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. बायका वाहवा करत होत्या. विमला ओठ चावत होती. पण पत्र्याचे रूळ दुकानातल्या पोकळ इंजिनासाठी केलेले. शिसं भरलेलं धूड प्रत्येक फेरीला त्यांचे सांधे थोडे थोडे उसवत होतं. तिसऱ्या फेरीला कोल्हापूरच्या वळणावर रूळ फाकले. दुसरं कुठलं इंजीन असतं तर कलंडलं असतं. हे सरळ फरशीवर उतरलं, कोल्हापूर स्टेशन आडवं करून त्यावरून गेलं, आणि मागं गौरीला घेऊन सोपा ओलांडायला लागलं.

अंबादासपंत झेपावले.

"दादा, हात लावायचा नाही," वसंत दारातून म्हणाला.

त्यांचा हात हवेत राहिला. हात लावला तर पैज गेली, पैजेबरोबर गौर गेली. न लावला तर गौर निघालीच होती, आणि निघाली होती वसंताच्या दाराकडं. एवढा विचार करायला लागेल तेवढा वेळ इंजिनानं त्यांना दिला; ते मुळीच घाईत नव्हतं. त्यानं एक पैलवान चीत केला, कलिंगडाचं कमळ बाजूला ढकललं. कालिंदीबाई पुढं झाल्या, तशी धोंडुबाई कडाडली, "खबरदार कालिंदे. पूजा झालेली गौर मधेच उचलायची न्हाई. ती तिच्या मनानं चाललीया, जाऊ दे तिला."

भिंतीतल्या त्या दाराला उंबरा असता तरी सगळं निभावलं असतं. पण फाळणीच्या वेळी उंबरा कुणी घालायचा यावर दोन भावांचं एकमत झालं नव्हतं. वसंत पाय काढून बाजूला झाला. गौर झोपाळ्यात हलत हलत त्याच्या घरात गेली. इंजीन समोरच्या भिंतीला जाऊन टेकलं आणि भिंत हटते का पाहत जागच्या जागी चाकं फिरवत राहिलं.

"बसली," धोंडुबाई म्हणाली, आणि पाट उचलून गौरीमागोमाग गेली. तिच्यामागं सगळ्या बायका.

विमला आनंदानं वळली आणि मग तिचा चेहरा उतरला. एवढ्या सवाष्णी घरात, आणि स्वयंपाकघरात रात्रीसाठी चिरलेली वांगी. ती लगबगीनं दारात आली.

"जाऊबाई, पन्हं जरा इकडं..."

"आमच्याकडं गौर नाही," कालिंदीबाई म्हणाल्या. "मी पन्हं कुणापुढं ठेवू?"

"मग घेऊन जा तुमची गौर."

"बसलेली गौर अक्षयतृतीयेपर्यंत हलवायची नाही. धोंडुआत्यांना विचार."

अक्षयतृतीया म्हटल्यावर विमलानं पुढचा हिशेब केला. रोजचा नैवेद्य, सोवळं, दर शुक्रवारी बायका, आरास. इतकी वर्षं मान तिला भिंतीवरून दिसत होता. भिंतीमागची परात दिसत नव्हती. तिनं नवऱ्याला आत ओढून नेलं आणि काय सांगायचं ते थोडक्यात सांगितलं. वसंत बाहेर आला तेव्हा त्याचा आवाज पडला होता.

"दादा, तू जिंकलास. गाडी चालली. गौर तुझी."

अंबादासपंत तोंड उघडणार तोच कालिंदीबाईंनी रिकाम्या फोनोच्या झाकणावर बोटं वाजवली. अंबादासपंतांनी अर्धवट उघडलेलं तोंड तसंच ठेवून दुसरंच वाक्य त्यात घातलं.

"गाडी रुळावरून उतरली. म्हणजे मी हरलो."

"उतरली तरी चालतेय की. ऐक, अजून आवाज येतोय. हात कुठं लावलास तू?"

"हरलो म्हणतोय ना मी," अंबादासपंत ओरडले. जन्मात पहिल्यांदाच उच्चारलेला शब्द त्यांना रागात चांगला जमला. "माझं हरणं ठरवणारा तू कोण?"

"हे बरंय. जिंकलास तर कबूल करायची लाज वाटते काय तुला?"

दोघे भाऊ बोळात उतरून भांडायला लागले, तेव्हा कालिंदीबाईंनी पातेलं आणि परात पलीकडं नेऊन जावेच्या हवाली केली. मग त्या धोंडुबाईशेजारी पाटावर ऐसपैस बसल्या, कुंकू लावून घेतलं आणि विमलानं पुढं केलेला पन्ह्याचा पेला सावकाश संपवला.

"विमल," त्या म्हणाल्या, "वेलदोडा कमी पडलाय गं. जरा कुटून आण."