फ्रीजमधला अंगारा

बायकोला एकच गोष्ट दोनदा विचारायची नाही, असं मी त्या महिन्यात ठरवलं. (पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आपलं लक्ष नव्हतं, हे दुसऱ्यांदा विचारल्यावरच उघडकीला येतं. एरवी कुणाला पत्ता लागत नाही.) निर्णय तसा किरकोळ होता. बेलापूरच्या आमच्या ऑफिसात सगळे याच पद्धतीने काम करतात आणि ऑफिस व्यवस्थित चालतं. मग जुईनगरचं वन रूम किचन का चालू नये, असा माझा हिशेब होता.

त्याच सुमारास माझा मेहुणा निशांत जर्मनीहून आला आणि बहिणीसाठी, म्हणजे माझ्या अरुणासाठी, सशाची लोकर घेऊन आला. हो, सशाची. मेंढीची लोकर असते एवढंच मला ठाऊक होतं. त्या लोकरीला काहीतरी विलायती नाव होतं. अरुणाने ते सांगितलं तेव्हा टीव्हीवर मॅच चालू होती आणि नंतर मी विचारलं नाही.

ही लोकर गीतांजलीच्या बाळासाठी होती. गीतांजली म्हणजे माझी धाकटी मेहुणी. बाळंतपणाला ठाण्याला माहेरी आली होती आणि तिला मुलगा झाला होता. आपल्याकडे ऑक्टोबरच्या उकाड्यात मोठी माणसं बनियनवर पंख्याखाली बसतात आणि त्यांच्या मधोमध बाळ मात्र काश्मीरला निघाल्यासारखं गुंडाळलेलं असतं. तेव्हा टोपडं आणि मोजे हवेतच. त्यात गीतांजलीच्या सासूबाई, यशोदाबाई, हॉस्पिटलातच म्हणाल्या होत्या, "हल्लीच्या मुलींना विणायला कुठं येतं? बाजारातून आणतात झालं." ते अरुणाला लागलं. तिने तिथल्या तिथे सांगितलं, "बाळाला पाळण्यात घालाल तेव्हा टोपडं आणि दोन्ही मोजे अंगावर असतील. माझ्या हातचे."

त्या दिवसापासून आमच्या घरात संसार बंद आणि विणकाम सुरू. लोकरीला हात लावायची मला बंदी होती. (माझ्या हाताला कायम बामाचा वास येतो, असं तिचं म्हणणं आहे.) लोकरीचा गुंडा सदैव तिच्या पदराखाली. मला दिसायचे ते फक्त केस. पांढरे, बारीक, तरंगणारे. ते नाकात जायचे, चष्म्यावर बसायचे आणि एकदा तर वरणात निघाले. मी तक्रार केली. दुसऱ्या दिवसापासून केस उडायचे थांबले. अरुणाने काय उपाय केला, हे विचारायचा मोह झाला होता. पण निर्णय म्हणजे निर्णय.

टोपडं झालं, एक मोजा झाला आणि दुसऱ्याच्या सुया बॅगेत टाकून अरुणा तयारीसाठी ठाण्याला गेली. मी बारशाच्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं.

आमच्याकडे तेव्हा फोन नव्हता. अर्ज करून आम्ही थकलो होतो. निरोप यायचे ते शेजारच्या हौसेरावांकडे. हौसेराव मूळचे साताऱ्याकडचे, एपीएमसी मार्केटात कांद्याचे व्यापारी. मार्केटात दिवसभर ओरडून त्यांचा आवाज मोठा झाला होता आणि इतरांचं ओरडणं ऐकून कान बारीक झाले होते. बारशाच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी दार वाजवलं.

"भाऊ, वहिनींचा फोन हुता. उद्या येताना अंगारा घिऊन या म्हनल्या."

"अंगारा?"

"व्हय. पांढरा अंगारा. त्याबिगर बारसं हुनार न्हाई. लय रडकुंडीला आल्या हुत्या बगा."

"बाळाला काही झालंय का?"

"आता अंगारा मागत्यात म्हंजी दिष्टच लागली आसंल की."

"पण कुठला अंगारा? कुठून आणू?"

"तुमच्याच घरात हाय म्हनल्या. फ्रीजमदी. लाडवाच्या डब्यात."

अंगारा देवघरात असतो, पाकिटात असतो, फार तर उशीखाली असतो. फ्रीजमध्ये? पण मागे हौसेरावांनी 'सासरे येणार' हा निरोप 'सोफासेट येणार' असा दिला होता आणि मी हॉलमधला पलंग हलवून ठेवला होता. तेव्हा फ्रीज हे त्यांनी पदरचं घातलं असावं. ठाण्याला उलट फोन करावा, असं मनात आलं. पण तो म्हणजे दोनदा विचारणंच झालं असतं.

तरी खात्री म्हणून फ्रीज उघडला. फ्रीजचा दिवा गेलेला, माझा चष्मा बाहेरच्या खोलीत. बर्फाच्या कप्प्यात डबा होता. गीतांजलीसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांतले दोन त्यात उरले होते आणि त्यांच्या शेजारी तिसरा होता, तो बुरशीने संपूर्ण पांढरा झालेला. अशी बुरशी मी जन्मात पाहिली नव्हती. चांगली बोटभर वाढली होती, आणि मऊ. मी कागदाने चिमटीत धरून तो लाडू पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली आणि खाली सोसायटीच्या कचरापेटीत टाकून आलो. बुरशी पसरू नये म्हणून उरलेले दोन खाऊन टाकले. अरुणाच्या माघारी आपण घर किती स्वच्छ ठेवतो, या विचाराने मला बरं वाटलं. अंगारा मात्र डब्यात नव्हता. देवघरातही नव्हता.

सकाळी हौसेरावच म्हणाले, "वाटेत तळवलीला उतरा. थितं देवळात राजाबाई म्हनून म्हातारी हाय. तिच्याकडं मिळंल."

बसने ठाण्याला जाताना मी तळवलीला उतरलो. राजाबाई देवळाच्या ओट्यावर बसल्या होत्या.

"बाला कवरा हाय?" त्यांनी विचारलं.

"बाळ लहान आहे. आज बारसं आहे. जरा पांढरा अंगारा मिळाला तर बरं."

"अंगारा पांढरा नसतं, काला नसतं. अंगारा अंगारा असतं." त्यांनी कागदात चिमूटभर बांधून दिला. "कपालाला लाव. आन् तू पन लाव. तुझाच तोंड उतरलाय."

मी लावला.

ठाण्याला पोचलो तेव्हा पाळणा सजला होता, बायका जमल्या होत्या, घुगऱ्यांचा वास सुटला होता. यशोदाबाई पाळण्याला टेकून बसल्या होत्या. अरुणा दारातच उभी होती. हातात सुया, सुयांवर अर्धा मोजा.

"आणलात?"

"आणला." मी अभिमानाने पुडी तिच्या हातावर ठेवली.

"हे काय? एवढंसंच?"

"चिमूटभर पुरतो. थेट देवळातून आणलाय."

तिने पुडी उघडली. मग माझ्या कपाळाकडे पाहिलं. मग पुन्हा पुडीकडे.

"अहो, अंगोरा आणायला सांगितला होता."

"तोच आहे. अंगारा."

"अंगोरा. सशाची लोकर. पहिला गुंडा संपला, दुसरा फ्रीजमध्ये होता. बर्फात ठेवला की केस उडत नाहीत, निशांतनेच सांगितलं होतं. लाडवाच्या डब्यात पांढरा गुंडा दिसला नाही तुम्हाला?"

माझ्या डोळ्यांसमोर ती बोटभर बुरशी उभी राहिली.

"दिसला," मी म्हणालो. "म्हणजे मला तो लाडू वाटला."

"खाल्लात?"

"नाही, नाही. टाकला. खाल्ले ते दुसरे दोन."

अरुणा ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचे डोळे भरून आले. इतके दिवस ती मान मोडून टाके मोजत होती, आणि मी तिची मेहनत गाठ मारून कचऱ्यात टाकली होती. मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

तेवढ्यात आतून हाक आली, "अरुणा, बाळाच्या एका पायात मोजा कसा काय?" यशोदाबाईंचा आवाज. बायकांच्या माना वळल्या. अरुणाने अर्धा मोजा पदराखाली घेतला.

मी पुडी घेऊन पुढे झालो. काय बोलणार होतो ते मलाही माहीत नव्हतं. "ते मुद्दाम आहे," मी म्हणालो. "अंगारा लावायचा म्हणून. एक पाय उघडा ठेवायचा असतो."

"असं?" यशोदाबाईंनी चष्मा सावरला. "कुठला पाय?"

"डावा."

"मग इथं तर उजवा उघडा आहे."

"तेच मी म्हणत होतो," मी म्हणालो. अरुणाने खाली मान घालून मोजा काढला आणि दुसऱ्या पायात घातला.

यशोदाबाईंनी अंगारा बाळाच्या कपाळाला लावला, मग उघड्या तळपायाला लावला. सकाळपासून रडत असलेलं बाळ गप्प झालं. (मोजा काढताना हवा लागली म्हणून, असं माझं मत आहे. पण मला कुणी विचारलं नाही.) टोपड्यावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "काय मऊ आहे गं! हात चांगला आहे तुझा, अरुणा." हे त्यांच्या तोंडून येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. अरुणाचा चेहरा उजळला. बायका एकमेकींना सांगू लागल्या की आमच्याकडेही पूर्वी एकच मोजा घालत. एका मावशींनी तर आपल्या नातवाच्या पायातला मोजा उतरवला.

पाळणा म्हणून झाला, नाव ठेवून झालं. निरोप घेताना यशोदाबाई कौतुकाने माझ्या कपाळावरच्या अंगाऱ्याकडे पाहत अरुणाला म्हणाल्या, "तुझ्या यजमानांची श्रद्धा फार मोठी आहे हो."

"त्यांची नाही, माझी," अरुणा म्हणाली. "लग्न झाल्यापासून ह्यांच्यावर श्रद्धा ठेवून आहे. अजून एकदाही पावले नाहीत."